आधी मीटर तपासू

उमरग्यात विजेच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या बलभीमनं सांगितलं, की पाण्यात निकेलचा एक तुकडा टाकून तापवलं तर जेवढी वीज आत जाते त्याहून जास्त उष्णता बाहेर येते. अर्ध्या गल्लीनं त्याला हार घातला, उरलेल्यांनी लबाड ठरवलं. जवळ बसून प्रयोग मात्र कुणीच पाहिला नव्हता.

म्हणून त्यानं थोरल्या बहिणीला, सत्यभामाला, धाराशिवहून बोलावून घेतलं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ती नुकतीच निवृत्त झाली होती.

दुकानात चहा घेत तिनं सगळं ऐकून घेतलं. थर्माकोलात गुंडाळलेला स्टीलचा डबा, त्यात पाणी, कॉइल आणि निकेल. बलभीमनं बनवलेली पेटी कॉइलला वीज सलग न देता झटक्याझटक्यानं सोडायची. मीटरवर वीज थोडी दिसायची आणि पाणी त्या मानानं लई तापायचं.

"दोन डबे लावू," सत्यभामा म्हणाली. "एकात निकेल, दुसऱ्यात साधं लोखंड. कशात काय आहे, हे आपल्या दोघांनाही कळायला नको."

"चालंल. पण निकेलचा जास्त तापला तर मानशील?"

"आधी मीटर तपासीन."

"अन् दोन्ही सारखेच तापले तर? तवाबी तपासशील?"

सत्यभामानं कप खाली ठेवला. तसं झालं असतं, तर ती मीटर न बघताच समाधानानं घरी निघाली असती.

"नसतं तपासलं," ती म्हणाली. "तुझं खरं आहे. मीटर आधीच तपासू. मग जे येईल ते दोघांनी मानायचं."

बलभीमला बरं वाटलं. त्याच्याशी बसून अटी ठरवणारं हे पहिलंच माणूस होतं.

त्यांनी डब्यात कुठलाच धातू न टाकता पेटी चालू केली. तरीही पाणी मीटरच्या हिशेबापेक्षा जास्तच तापलं. बलभीमनं झाकण काढून डबा रिकामाच आहे ना, ते बघितलं. मग सत्यभामानं येताना कॉलेजातून मागून आणलेलं, झटक्यांची वीजही नीट मोजणारं मीटर जोडलं. त्यावर आकडा मोठा आला. वीज जास्तच जात होती, जुन्या मीटरला ती दिसत नव्हती.

"मग आता दोन डबे कशाला, अक्का?"

"ठरलंय आपलं. निकेल न बघताच उठले, तर तुला लबाड म्हणणाऱ्यांत अन् माझ्यात फरक काय?"

बलभीमच्या बायकोनं, तुळजाबाईनं, दोघांना बाहेर घालवून तुकडे डब्यांत टाकले आणि झाकणं लावली. "माझ्या तोंडावरून वळखाल," म्हणत ती दुकानामागच्या स्वयंपाकघरात गेली ती पाणी तापेपर्यंत बाहेर आलीच नाही.

दोन्ही डबे सारखेच तापले.

बलभीमनं पेटी बंद केली. मग तो शेजारच्या टपरीवर गेला आणि तिथं बसलेल्यांना स्वतःच म्हणाला, "निकेलात काय न्हाय. माझं मीटर कमी दाखवत होतं." कुणी हसलं, कुणी पाठीवर हात ठेवला. आता त्याला लबाड कुणी म्हटलं नाही.

तो परत आला तेव्हा तुळजाबाई भाकरी वाढत होती. बलभीम कॉलेजचं मीटर हातात घेऊन उलटसुलट बघू लागला.

"अक्का, हे झटके कसं पकडतंय? उघडून बघू का?"

"कॉलेजचं आहे."

"होतं तसं जोडून देतो."

सत्यभामानं टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर त्याच्याकडे सरकवला. "जेवण झाल्यावर," ती म्हणाली.