सोमवारचा ताप

गेट आणि रेलिंग बनवणाऱ्या त्या कारखान्यात दादासारखं सफाईदार वेल्डिंग कुणाचंच नव्हतं, आणि त्याच्याइतकं मोठं तोंडही कुणाचं नव्हतं. धाकट्या भावाला हे काम त्यानेच शिकवलं. शिकवताना अक्कलही फुकट वाटली.

जस्त चढवलेल्या पाइपांचं काम सुरू झालं, तसा धाकट्याला दर सोमवारी संध्याकाळी ताप भरू लागला. हुडहुडी, अंगदुखी, तोंडात गोडसर चव. मंगळवारी गडी पुन्हा ठणठणीत. रविवारची सुट्टी झाली, की सोमवारी परत तेच.

दादाने यावर डोकं चालवलं. कुणी सांगितलं होतं चालवायला!

"अरे, हा ताप कामाने नाही, सुट्टीने येतोय. तुला आराम मानवत नाही. रविवारीही येत जा."

धाकट्यासाठी दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो रविवारीही येऊ लागला आणि ताप खरंच गेला. मग काय, दादाची कॉलर ताठ! जो भेटेल त्याला तो हे औषध सांगत सुटला. धूर ओढणारा पंखा कधीचा बंद पडला होता, पण तो दुरुस्त करा म्हणायला मालकाकडे कुणी गेलं नाही. ताप नाही, तर तक्रार कसली?

वर्षं गेली. आता धाकट्याला जिना चढताना मध्येच बसावं लागतं. शेवटी दादा आणि धाकट्याची बायको त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याला नळीत फुंकायला लावलं, सगळं विचारून घेतलं.

"फुफ्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत. आणखी बिघडू द्यायची नाहीत, एवढंच आता आपल्या हातात," त्या म्हणाल्या. "तो ताप म्हणजे शरीराची ओरड होती. रोजच्या धुराची अंगाला सवय झाली म्हणून ताप थांबला. धूर आत जायचा थोडाच थांबला? सुट्टी सोडायचं खूळ कुणाचं?"



"माझंच," धाकटा म्हणाला.

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर पडताना तो धाकट्याच्या दंडाला धरून चालत होता. धाकट्याची बायको रडत म्हणाली, "तुम्ही रोज सोबत होतात ना, दादा? यांनी निदान तुमचं तरी ऐकायचं!"

धाकट्याने डोळ्यांनीच दादाला गप्प राहायला सांगितलं.

"माझंच ऐकलं गं त्याने," दादा म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने नवऱ्याच्या दंडावरचा दादाचा हात बाजूला केला आणि त्याला स्वतः धरलं.