नोंदवहीतली दुपार

चैत्रात अर्धांगाच्या झटक्याने माझा उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभही गेलीच म्हणायची, पण पूर्ण नाही. डोक्यात वाक्य तयार असतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. तोंडातून मात्र त्यातला एखादाच शब्द बाहेर येतो, आणि तोही समोरचा माणूस निघून गेल्यावर.

अडतीस वर्षं मी कुरखेडा तालुक्यातल्या शाळांत शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावातली पोरं पाच वाजता शाळा सुटली की दप्तरं पाठीवर घेऊनच माझ्या ओसरीवर यायची. शिकवायचो असं म्हणणं जास्त होईल. ती मोठ्याने वाचायची, मी ऐकायचो, आणि अडली की थांबायचो. पोरगं अडलं की लगेच उत्तर सांगायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी नोकरीत शिकलो. थांबलं की बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच सुचतं.

बायको, रंभा, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा प्रणित गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, तीन पाळ्यांची ड्युटी. तिकडून इकडे यायचं म्हणजे एक अख्खा दिवस जातो, त्यामुळे दोन महिन्यांतून एकदा येतो. दवाखान्यातून मला घरी आणलं तेव्हा त्याने नागपूरच्या एका संस्थेकडून चोवीस तासांची बाई लावून दिली. संस्थेने सोबत एक नोंदवही दिली. रोज एक पान भरायचं: जेवण, औषध, लघवी, त्वचा, झोप, सूचना. संध्याकाळी पानाचा फोटो काढून मोबाईलवरच्या ग्रुपात टाकायचा. प्रणित तो पाहून अंगठा टाकतो.

पहिली बाई उर्वशी, वडशाची. कामात नेटकी. वैशाखात पारा सेहेचाळीसवर गेला तेव्हा डॉक्टरांना विचारून तिने सूचनेत लिहिलं, ‘उन्हामुळे दुपारी दोन ते सहा दार बंद. पूर्ण आराम. भेट नाही.’ त्या दिवसांत ते बरोबरच होतं. मग तिची पंधरा दिवसांची पाळी संपली आणि दुसरी आली. दुसरीने मागचं पान पाहून पुढचं पान भरलं. तिसरीने दुसरीचं पाहिलं.

पाहून लिहिलेलं मला लांबून ओळखू येतं. एकदा चौथीच्या परीक्षेत आंब्यांचं गणित घातलं होतं, तर एका रांगेतल्या आठ पोरांनी उत्तर लिहिलं, ‘सदतीस शेळ्या.’ माझ्या नोंदवहीचंही तसंच झालं. आषाढ लागला, बांध्यांत धानाची रोवणी सुरू झाली, अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं, आणि पान म्हणत होतं, ‘उन्हामुळे दार बंद.’

शाळा उघडल्यावर पोरं आली. मला पलंगावरून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. पाचवीतली दिव्यानी म्हणाली, “गुरुजी हायेत का जी?”

त्या वेळी जी बाई होती तिने खिडकीतून सांगितलं, “काका झोपले आहेत. त्यांना त्रास द्यायचा नाही.”

मी झोपलेलो नव्हतो. मी हाक मारली, म्हणजे मारायला गेलो, आणि घशातून नुसता एक आवाज निघाला. बाई धावत आली, माझी छाती चोळली, पलंगाचा कठडा वर केला आणि जोरात म्हणाली, “काय होतंय काका? काही नाही ना? काही नाही. पडून राहा.” या सगळ्या बाया माझ्याशी मोठ्याने बोलत, जणू कान गेले आहेत, आणि प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देत. बाहेर दिव्यानीसोबतच्या चैतूचा आवाज आला, “चाल वं, गुरुजीले बरं नाई वाटून राह्यलं.”

आठ दिवस पोरं येऊन जात राहिली. मग पाच वाजता दारावरून पावलं सरळ पुढे जाऊ लागली. आमच्या घराजवळ आली की ती बोलणं थांबवत, घर संपलं की पुन्हा सुरू करत. त्यांना तसं मीच शिकवलं होतं, आजारी माणसाच्या घरापुढून आरडाओरडा करत जाऊ नये म्हणून.

रविवारी प्रणितचा फोन यायचा. बाई फोन माझ्या तोंडासमोर धरायची. तो म्हणायचा, “कसे आहा बाबा?” मी ‘दार’ म्हणायला सुरुवात करायचो, तेवढ्यात बाई सांगायची, “काका मस्त आहेत, साहेब.” मग ते दोघे बोलायचे. माझा शब्द तयार व्हायचा तेव्हा फोन बंद झालेला असायचा. आढ्याकडे पाहून मी तो शब्द म्हणायचो. दार.

भाद्रपदात सोमारी आली. धानोऱ्याकडची, चाळिशीची. तिकडे तिने स्वतःच्या सासूचं सहा वर्षं केलं होतं. माणसं कमी पडत होती म्हणून संस्थेने तिला घेतलं असावं, कारण तिची शाळा तिसरीतच सुटली होती. जाणाऱ्या बाईने घाईघाईत तिला औषधाच्या वेळा तोंडी सांगितल्या, नोंदवही दाखवली आणि बस पकडायला गेली.

पहिल्याच दिवशी अंग पुसताना सोमारी माझ्या उजव्या कुशीशी थांबली. त्या बाजूला मला काही कळत नाही.

“गुरुजी, इथी तर जखम हाय जी. कोणी पायली नाई?”

नोंदवहीत ‘त्वचा’ या रकान्यात चार महिने ‘ठीक’ लिहिलेलं होतं. तिने संस्थेतल्या मॅडमला फोन केला. मॅडम म्हणाल्या, नोंदवहीत लिही, फोटो टाक, मग आम्ही नर्सला कळवतो. फोन ठेवून सोमारी बराच वेळ त्या वहीकडे पाहत बसली. मग तिने मला डाव्या कुशीवर वळवलं आणि पाठीमागे उशी लावली.

दोन वाजता ती दार लावायला उठली. मी डाव्या हाताने कठड्यावर मारलं. ती वळली. मी पुन्हा मारलं.

“काय पाह्यजे? पाणी?”

मी मान हलवली. दुसरी कोणी असती तर पाणी, लघवी, पंखा अशी यादी म्हणून मोकळी झाली असती. सोमारी पलंगाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली.

“सांगा तुमी. मले घाई नाई. माही काई बस नाई सुटत.”

किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. रस्त्यावरून एक बैलगाडी आली आणि पुरती निघून गेली. मग माझ्या तोंडातून निघालं, “दा… दार.”

“दार लावू नको म्हणता?”

मी मान डोलावली.

“काऊन जी?”

हा खरा प्रश्न होता. पाच महिन्यांत मला कोणी ‘का’ विचारलं नव्हतं. “पो,” मी म्हणालो. “पोरं.”

तिने दार सताड उघडं ठेवलं. पाच वाजता पोरं आली, आमच्या घराशी गप्प झाली, उघडं दार पाहून थबकली आणि पुढे पळाली. सोमारी ओसरीवर जाऊन ओरडली, “ए पोट्टेहो, पळता काऊन? गुरुजी काई वाघ हाय का?”

दुसऱ्या दिवशी दिव्यानी आणि चैतू उंबऱ्यापर्यंत आले. दिव्यानी माझ्या वाकड्या तोंडाकडे पाहायची आणि पटकन नजर वळवायची. मला वाटलं होतं पोरं आली की सगळं पहिल्यासारखं होईल. तसं झालं नाही. मी “वा… वाचा” म्हणालो तेव्हा चैतू दिव्यानीच्या मागे सरकला. सोमारी म्हणाली, “वाच म्हणतेत. बसा खाली.” दिव्यानीने इतक्या हळू आवाजात वाचलं की मला अर्धं ऐकूच आलं नाही. तरी ती वाचत होती.

पाच दिवस नोंदवही कोरी राहिली. मॅडमचा फोन आला, “सोमारी, एकही फोटो नाही. तिथे काय करतेस दिवसभर?”

“गुरुजीले पायतो, मॅडम.”

“ते लिहायचं असतं.”

त्या रविवारी प्रणितने आधी तिलाच धरलं. “नोंद काऊन नाई येत बाई? अन् शेजारचे सांगून राह्यले, पोट्टे घरात येतात म्हणून. बाबाले इन्फेक्शन झालं तर? पहिल्या बाया चांगल्या होत्या. रोज पान येत होतं.” सोमारी ‘साहेब, जखम…’ म्हणायला गेली ते त्याला ऐकू गेलं नाही, आणि मी कठड्यावर हात आपटत होतो. तो म्हणाला, “बाबा, तुमी आराम करा,” आणि फोन ठेवला.

तो आता हिला बदलायला सांगणार, हे मला कळलं. सोमारी गेली की दार पुन्हा दोन वाजता बंद होणार होतं.

मी खुणेने तिला जुनी पाटी काढायला लावली. तिला अक्षरं ओळखू येत होती. हात मात्र वळत नव्हता. माझाही उजवा वळत नव्हता. मी डाव्या हाताने काढायचो, तीही काढायची, आणि दोघांचं अक्षर सारखंच वाईट यायचं.

“तुमचा ‘ज’ तर माह्याहून वाकडा हाय, गुरुजी,” ती म्हणायची.

तिसऱ्या दिवशी तिने नोंदवही उघडली आणि सवयीने कोणीही करील तेच केलं: मागचं पान काढून त्यावर बोट ठेवलं. मी ते पान हाताखाली दाबून धरलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी माझ्या कुशीकडे बोट दाखवलं, मग दाराकडे, मग तिच्या डोळ्यांकडे. तिला समजलं. एक पान भरायला तिला दुपार गेली. रकाने तिने सोडून दिले आणि सरळ लिहिलं:

‘गुरुजीने भात खाला. उजव्या कुशीत जखम हाय. रूपयायेवडी. मी आली तवा पासून हाय. दार उघडं होतं. पोट्टे आले. गुरुजी हासले.’

फोटो गेला. मॅडमनी उत्तर दिलं, ‘कृपया रकान्यांप्रमाणे भरा.’ प्रणितचा अंगठा आला नाही. व्हिडिओवर फोन आला, रविवार नसताना.

“जखम कधीपासून हाय?”

“मले काय मालूम, साहेब. मी आली तं होती.”

“पानावर तं रोज ठीक होतं.”

त्याच्यामागे कारखान्याचा घरघराट ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “बाबाले द्या.” तिने फोन माझ्यासमोर धरला. त्याच्या भुवयांवर पांढरी धूळ बसली होती. “बाबा, जखम दुखते का?”

मी मान हलवली. ती दुखत नव्हती, आणि मला ते सांगायचंही नव्हतं.

“मंग दार काऊन उघडं पाह्यजे तुमाले?”

मी सुरुवात केली. शब्द येईना. त्याने घड्याळाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि सोमारी बाजूने म्हणाली, “थांबा साहेब. ते बोलून राह्यले.”

प्रणित थांबला. तिकडे भोंगा वाजला, कोणीतरी त्याला हाक मारली, तो हलला नाही. लहानपणी पाढा अडला की तो माझ्याकडे जसा पाहायचा, तसाच पाहत राहिला.

“पोरं,” मी म्हणालो. “वा… वाचतात.”

“मी सांगतो संस्थेच्या ऑफिसात,” तो म्हणाला. “दार उघडं ठेवतील. नर्सही उद्या येते.” मग खाली पाहून म्हणाला, “पण बाई, तुमची बदली मी रविवारीच सांगून टाकली. आता संस्थावाले दुसरीले पाठवून राह्यले. तुमाले गडचिरोलीत काम देल्लं म्हणे.”

“हो का,” सोमारी म्हणाली. तिने फोन ठेवला आणि माझी उशी सारखी केली.

ती सोमवारी गेली. जाताना म्हणाली, “येतो जी.” मी उत्तर द्यायला सुरुवात केली. ती पिशवी खांद्याला लावून उभी राहिली, बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, तरी उभी राहिली. मला काहीच सांगता आलं नाही. शेवटी तीच म्हणाली, “समजलं.”

आता करिश्मा आहे. तरुण आहे, स्वच्छ काम करते. नर्सने शिकवल्याप्रमाणे जखम रोज पुसते आणि ती भरत आली आहे. ऑफिसच्या निरोपाप्रमाणे बरोबर चार वाजता दार उघडते, सहाला लावते. मधल्या वेळात आतल्या खोलीत मोबाईल पाहत असते. दिवसभरात मी तिला एक शब्दही सांगू शकत नाही, कारण तिला घाई असते, आणि घाई कशाची ते तिलाही माहीत नसावं.

पोरं मोजकीच येतात. चैतू यायचा बंद झाला. काल एकटी दिव्यानी आली होती. ओसरीच्या कडेला बसून तिने धडा वाचला, आता जरा मोठ्याने. वाचता वाचता तिची एक ओळ सुटली आणि ती पुढच्या दोन ओळी वाचून गेली. मी कठड्यावर बोट वाजवलं.

आतून करिश्मा ओरडली, “काका, पाणी पाहिजे?” आणि पेला घेऊन आली. मी पाणी प्यायलो, कारण ते सोपं होतं. ती परत आत गेली.

दिव्यानीने पुस्तक मिटलं नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि या वेळी तिने नजर वळवली नाही. मी पुन्हा बोट वाजवलं. तिने पुस्तकाकडे पाहिलं, शेवटी वाचलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाजवत राहिलो. तिने बोट एक ओळ वर नेलं. मी वाजवत राहिलो. आणखी एक ओळ वर.

मी थांबलो.

“ही सुटली का जी?” ती म्हणाली, आणि तिथून वाचू लागली.