शेजारीणबाई

प्लंबरने न्हाणीघराच्या कडीत चमचा अडकवला आणि दार एकदा ओढून पाहिलं.

सुरी जागेवर नव्हती.

मामाला नवे दात आले होते. साठी उलटल्यावर, वरचे आणि खालचे, सगळे एकदम.

कोंबडीची पिल्लं रबरी वॉशर गिळतात. सगळी नाही. एकच.

“आज तांदूळ मी काढते,” आई म्हणाली आणि डबा स्वतःकडे ओढला.

पिशवीत पाइपपाना, करवत, टेपची दोन रिळं आणि तळाशी एक तपकिरी पीस.

“खायचं त्याला नाव देऊ नये. घास अडतो.” हेही आईचंच, पण ते फार जुनं.

*

सुरुवात दातांपासून झाली.

आईचा धाकटा भाऊ वर्षभर मऊ भात खाऊन विटला होता. कवळी बसवायची म्हणून डॉक्टरांनी उरलेले दात काढून टाकले, आणि कवळी काही येईना. त्या दिवसांत आई त्याला फोनवर म्हणून गेली, “दात येऊ देत तुझे, घरची कोंबडी खाऊ घालते.” मामाने ते लक्षात ठेवलं. लक्षात ठेवण्यात मामा पक्का होता आणि दिलेला शब्द पाळण्यात आई.

मागच्या अंगणात तेव्हा बऱ्याच कोंबड्या होत्या. आई त्या खाण्यासाठीच पाळायची, आणि त्याचं तिला ना कौतुक होतं ना दुःख. दाणे टाकताना ती मायेने टाकायची आणि वेळ आली की तितक्याच शांतपणे मान धरायची. एकेक करून त्या संपल्या. तिचा मुलगा, प्लंबर, तोही ताटावर बसायचा आणि हाड चोखून बाजूला ठेवायचा. उरली ती एक तपकिरी.

तपकिरीचं प्रकरण वेगळं होतं. पिल्लू असताना तिने प्लंबरच्या हत्यारांच्या पेटीतलं वॉशर गिळलं होतं. त्याने तिला टोपीत घालून दिव्याखाली ठेवलं, बोटाने थेंब थेंब पाणी पाजलं आणि कामाला दांडी मारली. वॉशर काही बाहेर आलं नाही. पिल्लू मात्र जगलं. तेव्हापासून ती ओरडली की ओरडण्याच्या शेवटी उचकीसारखा एक झटका यायचा, आणि तेव्हापासून तिचं नाव वॉशर. आई ते नाव घेत नसे. “ती तपकिरी” म्हणायची.

संध्याकाळी तो बूट सोडायला पायरीवर बसला की वॉशर येऊन त्याच्या बुटावर बसायची. मग तो एकच बूट काढायचा आणि दुसऱ्याची वाट पाहत बसायचा.

“मी बसत नाही ना बुटावर,” बायको म्हणायची, “म्हणून माझी कदर नाही.”

*

शनिवारी मामाचा फोन आला. दात बसले. उद्या येतो.

“उद्या सकाळी तपकिरीला काप,” आई म्हणाली.

प्लंबर टॉवेलने हात पुसत होता. हात कोरडे झाले तरी पुसत राहिला.

“अंडी देते ती, आई.”

“अंडी दुकानात मिळतात.”

“कोंबडीपण मिळते दुकानात.”

“मी त्याला घरची म्हटलंय. वर्षभर जिभेवर हात ठेवून बसलाय बिचारा. त्याला मी पिशवीतली खाऊ घालू?”

“ती माझ्या बुटावर बसते.”

“मग बूट शिजवू का?”

बायको भाजी निवडत होती. ती शाळेच्या बसवर मुलं सांभाळायची, त्यामुळे कुठलं भांडण रडण्यावर जाणार हे तिला आधीच कळायचं. ती मान खाली घालूनच म्हणाली, “मला कोणी विचारू नका. धुवायची मी, शिजवायची मी. मतं तेवढी तुमची.”

“यात मतं कसली?” आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, त्यामुळे पुढचं वाक्य जरा उशिरा आलं. “कोंबडी पाळायची ती खायला. लाडच करायचे तर मांजर आण. तुझे वडील असे होते का? कापायचे, हात धुवायचे, जेवायचे. मी शब्द दिलाय. विषय संपला.”

घरात विषय आईच संपवायची. प्लंबरला आजवर आईशी खोटं बोलणं कधी पचलं नव्हतं. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. आता चाळिशी आली, केस मागे सरकले, त्यामुळे कान आणखीच दिसायचे.

त्या रात्री तो फार वेळ अंगणात होता. आत आला तेव्हा बायको कूस बदलून म्हणाली, “झोपली का ती?”

“झोपली.”

“मग तूही झोप.”

*

सकाळी सुरी जागेवर नव्हती.

प्लंबरने ओट्यावर पाहिलं, फळीवर पाहिलं, खिडकीत पाहिलं. बायकोने सगळी ताटं हलवली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“पाय फुटलेत का सुरीला?”

“नाहीये, आई. खरंच नाहीये.”

“मग काय,” आई म्हणाली, “नसेल तर—”

“दुकानातून कापून आणतो,” प्लंबर म्हणाला.

ते वाक्य त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडल्यावरच त्याला त्यातली वाट दिसली: दुकानात जायचं हे खरं, कोंबडी आणायची हेही खरं. फक्त कुठली, ते सांगायचं नाही.

आईने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याने कानावरून हात फिरवला, खाज आल्यासारखा.

“बरं,” आई म्हणाली. “ने.”

त्याने पिशवीतली हत्यारं एका बाजूला सारली आणि वॉशरला आत ठेवलं. तिने विरोध केला नाही. पिशवी तिच्या ओळखीची होती; दुपारी ती तीत झोपायची. आई अंगणापर्यंत आली नाही. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज झाला. दिवसा पाठ न टेकणारी आई आत जाऊन पडली.

दुकानदाराने पिशवीतून बाहेर आलेली चोच पाहिली. “हिला कापायचं?”

“नाही. हिला काही दाखवू नका. दुसरी द्या.” प्लंबरने पिशवीचं तोंड मुठीत धरलं.

दुकानदाराने दुसरी दिली. फार काही न विचारणारा माणूस होता.

परत आल्यावर अडचण अशी झाली की वॉशरला ठेवायचं कुठे. अंगण आईच्या खिडकीतून दिसायचं. नळसामानाची ओळखीची दुकानं रविवारची बंद. शेवटी बायकोने मागच्या बाजूने न्हाणीघराचं दार उघडलं, खाली गोणपाट टाकलं, मगात पाणी ठेवलं आणि वॉशरकडे बोट करून बसमधल्या आवाजात म्हणाली, “जागेवर बसायचं. आवाज नको.”

कडी खिळखिळी होती. त्यात चमचा.

मग आई बाहेर आली. डोळे धुऊन आल्यासारखा चेहरा होता. पातेल्यातल्या मांसाकडे तिने पाहिलं नाही.

“आज तांदूळ मी काढते,” ती म्हणाली.

*

मामा आला तो हसतच आला. दात दाखवायचे तर दुसरा उपाय नव्हता.

“बघ ताई. घोड्यासारखे आहेत की नाही?”

“घोड्याचे स्वतःचे असतात,” आई म्हणाली. एरवी ती यावर स्वतःच हसली असती.

चौघं स्वयंपाकघरात जेवायला बसली. न्हाणीघर भिंतीपलीकडेच होतं. प्लंबर त्या भिंतीला पाठ लावून बसला, जणू तो सरकला तर भिंत पडेल.

मामाने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि सावकाश चावला. सगळे थांबले.

“याला म्हणतात घरची,” तो म्हणाला. “दुकानातली म्हणजे ओला कापूस. ही चव जिभेला लगेच कळते. फसवून दाखवा मला कोणी!”

बायकोला ठसका लागला. प्लंबरने तिला पाणी दिलं.

“आणि काय मऊ! मी उगाच दातांची काळजी करत होतो. लोणी आहे लोणी.”

आईने मान वर केली.

“मऊ?”

“एकदम.”

“एवढ्या जुन्या कोंबडीचं लोणी झालं?”

“शिट्ट्या जास्त केल्या, आई,” बायको म्हणाली. “मामांचे दात नवे ना.”

आईने प्लंबरच्या कानांकडे पाहिलं. मग पुन्हा ताटाकडे. तिच्या ताटात भात होता, रस्सा होता, कडेला एकच तुकडा होता. जेवायला बसल्यापासून ती भाताचा एक ढीग मोडून दुसरा करत होती. एकदा तिने तो तुकडा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

“ताई, तू जेवत नाहीस?”

“जेवते. अडलं जरा काहीतरी.”

“अजून घासच घेतला नाहीस, अडेल काय?”

आईने ताट किंचित पुढे सारलं. एवढंसंच. पण प्लंबरने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं. मामासमोर आईचा शब्द खोटा पडला तरी पडू दे. त्याने घसा खाकरला.

“आई—”

भिंतीपलीकडून आवाज आला.

पक्. पक्-पक्. पक्-पक्-पक्-पकाऽक्! आणि शेवटी, उचकीसारखा, एक झटका.

बायकोने डोळे मिटले. प्लंबरचे कान पेटले. अंडं घातल्याची ती आरोळी एकदा होऊन थांबणारी नव्हती. वॉशरने ती पहिल्यापासून पुन्हा सुरू केली, आधीपेक्षा मोठ्याने.

मामाने मान तिरकी केली. “कोंबड्या शेजारीपण पाळतात की काय?”

आईचा हात ताटावर तसाच होता. ती भिंतीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा सावकाश सैल होत गेला, घट्ट बसलेली नळाची चावी फिरावी तसा.

“हो,” आई म्हणाली. “शेजारीणबाईंची आहे.”

“अगदी जवळून येतो आवाज.”

“तोंडाळ आहे मेली.”

“कापत नाहीत?”

“छे. लाडावून ठेवलीये. असतात काही घरं तशी.” तिने ताट पुन्हा जवळ ओढलं. “अगं, वाढ मला. तुकडा वाढ एक.” बायकोने वाढला. “आणखी एक वाढ. रस्सा घाल वर. भूक लागलीये मला सकाळपासून.”

ती जेवली. बोटं चाटून जेवली. मामाला हाडं कशी फोडायची नाहीत हे दातांची भीती घालून सांगितलं, बायकोला मीठ बरोबर पडल्याचं सांगितलं, जे ती कधी सांगत नसे.

“चव आहे ना घरची?” मामा म्हणाला.

“आहे तर,” आई म्हणाली.

*

मामा गेल्यावर प्लंबर न्हाणीघरात शिरला. वॉशर उपड्या बादलीवर बसली होती. गोणपाटावर अंडं होतं, अजून कोमट. तो ओल्या फरशीवरच बसला, आणि ती उतरून त्याच्या बुटावर आली.

बाहेर आईचे पाय थांबले.

“मला हातपाय धुवायचेत,” ती म्हणाली. “शेजारीणबाईंना म्हणावं, बाहेर या.”

प्लंबरने अंडं आणि चमचा हातात धरून दार उघडलं. आईने आधी अंडं घेतलं, मग चमचा.

“आई, मी—”

“मामाला पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.”

“कशाला?”

“दात चांगले बसलेत त्याचे.” तिने चमचा पदराला पुसला. “दुकान कुठलं ते लक्षात ठेव.”

वॉशर तिच्या पायांमधून अंगणात गेली. आईने तिला वाट दिली.

*

त्या रविवारी पहाटे, घरात कोणी उठायच्या आधी, आईने मोठी सुरी जुन्या टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्याच्या तळाशी खुपसून ठेवली होती.