भिंगरी वाचते कशी

भिंगरीला वसतिगृहात टाकायचं ठरलं आणि मला विचारलं कुणी? कुणीच नाही! रोज शाळा सुटली की ही पोर माझ्या पार्लरमध्ये असते, पण आत्याचं मत लागतंय कुणाला. दादा म्हणतो, "आळशी झालीये. शिस्त लागली की झक मारत वाचेल." परवा तर त्याने तिच्या थोबाडीत दिली.

आळशी म्हणे! गिऱ्हाइकांना ही मासिकातल्या गोष्टी वाचून दाखवते, आणि काय रंगवून! आज एका बाईंच्या केसांना रंग लावत होते, तेव्हा हिची राजकन्या विहिरीत उतरली होती. बाईंनी वाकून पाहिलं, तर पानावर कुकरची जाहिरात.

"हे पान वाच बरं," बाई हळूच म्हणाल्या. झालं! पोरीला घाम फुटला. पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकायची, मधेच ओळ सुटायची, वर वाचलेला शब्द खाली आला की पुन्हा अडायची. शेवटी म्हणाली, पोटात दुखतंय.

बाई अशाच मुलांना शिकवतात. म्हणाल्या, "रागावू नका. डिस्लेक्सिया असू शकतो, तपासून घ्या. वेगळ्या पद्धतीने शिकवलं की जमतं. घरात आणखी कुणाला होतं का असं?"

माझं डोकंच फिरलं. बाईंचे केस कसेबसे उरकले, भिंगरीचा हात धरला आणि तडक घर गाठलं. दादा तिची बॅग भरत होता.

"दादा, तुझे धडे कोण वाचून दाखवायचं? मी! तुझ्याहून लहान असून! ऐकलं की तुला सगळं पाठ, आणि पुस्तक हातात दिलं की दातखीळ!"

"तो विषय नको."

"का नको? तेच पोरीला असणार! त्याला नाव आहे, शिकवायची रीत आहे, आणि तू तिला घराबाहेर काढतोयस?"

खुर्चीतून आमचे वडील, अप्पा, गुरगुरले, "नाव कसलं डोंबलाचं! याला पट्ट्याने फोडला, म्हणून तर सुतासारखा सरळ झाला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच कडाडला. "नाही झालो, अप्पा! मला अजून धड वाचता येत नाही. तुमच्या भीतीने नुसतं येतंय असं दाखवत आलो!"

दादाने बॅग बाजूला ढकलली. त्याने भिंगरीला जवळ घ्यायला हात पुढे केला.

तिने दोन्ही हातांनी गाल झाकले.