लंगडी मेंढी पुढं

पुण्याच्या माणसाला चिखल मुद्दाम दाखवायला न्यावा लागतो, हे मला सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरात कळलं. आमच्याकडं चिखल चुकवायला माणसं दोन कोसांचा वळसा घालतात. ही पाच जणं त्याच्यासाठी टेम्पोत सायकली घालून आली होती.

लासुर्ण्याच्या स्टँडजवळ माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्या टोळीचा म्होरक्या ऋषिराज. त्याचे मामा वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि त्यांची सायकल गेली दहा वर्षं माझ्याच हातात होती. ते म्हणाले, "नागेश, आमच्या पोरांना माळावरच्या वाटा दाखव. तुझ्याइतक्या कुणाला ठाऊक?" मामांना नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या सायकली जवळून बघायच्या होत्या. जाड टायर, एकवीस गिअर. हात नुसते शिवशिवत होते.

ऋषिराज असेल पंचविशीचा, मी बत्तीस वर्षांचा. टेम्पोतून उतरल्या उतरल्या त्यानं माझ्या काळ्या बावीस इंची सायकलीकडं बघितलं. पावसाळा लागला की मी तिची मडगार्डं काढून ठेवतो, नाहीतर काळी माती आत अडकून चाक जागचं हलत नाही.

"अरे, तू ह्या सांगाड्यावर येणार?" तो म्हणाला. बाकीचे हसले.

पहिलाच शब्द 'अरे', दुसरा 'तू'. म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

आमचं घर मेंढरांचं. आजा कळप घेऊन आठ आठ महिने बाहेर असायचा. आता माझ्या बापाकडं, आबाजीकडं, अकरा मेंढरं उरली होती आणि थोडासा ऊस. पण आबाचे नियम जुनेच होते. आडवाटेनं, त्यातून पावसात कळप न्यायचा तर लंगडी मेंढी पुढं घालायची. सगळ्यांनी तिच्या चालीनं चालायचं. सगळ्यांत धडधाकट माणूस मागं, कुणी घसरलं तर उचलायला. मी बारा वर्षांचा झालो तेव्हा आबानं मला पहिल्यांदा मागं लावला, तर मी आठवडाभर गावात मिरवत होतो. दुसरा नियम हाळीचा. चुकलेलं मेंढरू दिसलं की हाळी द्यायची, लांबून हाक मारायची, मग ते आपलं असो नाहीतर भावकीतल्या वैऱ्याचं. भांडण काय करायचं ते नंतर करा.

मला दुसरी काही विद्या येत नव्हती, म्हणून मी त्या पाच जणांनाही तसंच लावलं. ऋषिराजची मावसबहीण प्रतिक्षा चिखलात पहिल्यांदाच सायकल चालवत होती आणि दर शंभर पावलांवर पडत होती. मी तिला पुढं घातली, तिच्यामागं बाकीचे, शेवटी मी.

"लीडर मी आहे," ऋषिराज म्हणाला. "ही पुढे राहिली तर आपण उद्या पोहोचू."

"म्होरं घळीत दगडावर शेवाळ हाय," मी म्हणालो. "हिच्या चालीनं गेलो तर समदे पोचू."

"मेंढरं हाकतोस का आम्हाला?"

"व्हय."

प्रतिक्षा हसली आणि तेच त्याला झोंबलं. तोंड कडू करून तो रांगेत शिरला, पण दर वळणावर पुढच्याच्या चाकाला चाक लावून "चला रे, चला" करत राहिला. खोटं कशाला बोलू, सायकल तो झकास चालवायचा. ओल्या मुरमाच्या उतारावर बूड मागं टाकून, दगडावर ब्रेक न दाबता असा उतरायचा की माझ्यासारख्यानं बघत राहावं. देवानं सगळं दिलं होतं, नुसती जीभ तेवढी सैल बसवली होती.

घळीत उतरताना समोरून आबा आला. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी, पुढं अकरा मेंढरं. वाट एका माणसापुरती. मी हात वर केला. "थांबा. मेंढरं जाऊ द्या."

चार जण थांबले. पाचवा कसला थांबतोय! "बाजूला!" म्हणून ओरडत ऋषिराजनं रांगेशेजारच्या दगडांवरून सायकल तशीच खाली सोडली. कळप फाटला. एक गाभण मेंढी भिऊन दगडांवर उडाली आणि पुढच्या पायावर कोसळली. आबा खाली बसला, तिचा पाय चाचपला. "मोडला न्हाय," तो म्हणाला. "मुरगाळलाय."

ऋषिराज खाली एक पाय टेकून उभा होता. "वाटेत कशाला आणता जनावरं? मी ओरडलो होतो ना!"

आबानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मेंढी खांद्यावर घेतली, बाकीची गोळा केली आणि घळीतला ओढा ओलांडून पलीकडच्या उताराला लागला. अंगाचा तिळपापड झाला तो माझा. बाप सत्तरीचा, पावसात मेंढी खांद्यावर घेऊन चाललाय, आणि हा पोरगा बाटलीतलं पाणी पितोय! त्या वेळी माझ्या हातात पाना असता तर काय झालं असतं, देव जाणे.

घळ संपली की वाटेला दोन फाटे फुटतात. उजवी वाट बाभळींतून वळसा घेऊन गावाकडं उतरते, दगडाची, खाचखळग्यांची. डावी पाझर तलावाच्या बांधावरून जाते. सपाट, सरळ; नवख्याला वाटावं हीच खरी वाट. ती सांडव्यावर जाऊन संपते. तलाव भरला की तिथून पाणी वाहतं, खाली बोटभर शेवाळ धरतं आणि पुढं दोन पुरुष खोल खड्डा आहे, नुसता धोंड्यांचा. त्या वर्षी तलाव गच्च भरला होता.

पाऊस पुन्हा वाढला. फाट्यावर मी प्रतिक्षाच्या चाकातला चिखल काडीनं काढत बसलो होतो. बाकीचे बाभळीखाली उभे होते. ऋषिराजला थांबवेना. तो आमच्या शेजारून पुढं निघाला, पेडलवर उभा राहिला आणि मागं वळून ओरडला, "डावीकडेच ना रे?"

मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. 'उजवीकडं' एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी मान खाली घातली आणि चिखल काढत राहिलो. मनात एकच होतं, पड. एकदा पड मेल्या, म्हणजे कळेल.

"दादा बरोबर गेला ना?" प्रतिक्षानं विचारलं.

"यील माघारी," मी म्हणालो.

बांधावरची त्याची सायकल लांब लांब जात होती. आता तरी हाळी द्यावी, असं मला वाटलं. वाटलं आणि मी दिली नाही.

तेवढ्यात हाळी आली. लांबलचक, शेवटाला वर चढणारी, माळभर घुमणारी. आमच्या घराची हाळी तशीच आहे, आज्याची तशी होती, आबाची तशी, माझी तशी. फक्त ती माझ्या तोंडातून निघाली नव्हती. ओढ्यापलीकडच्या उतारावरून फाटा आणि सांडवा दोन्ही दिसतात, आणि तिथं आबा उभा होता.

पाठोपाठ काहीतरी धोंड्यांवर आदळल्याचा आवाज झाला.

मी काडी टाकून पळालो. इतका वेळ 'पड' म्हणणारा मी, आता 'नको रे देवा, नको' म्हणत पळत होतो. सांडव्याच्या अगदी काठावर ऋषिराज पालथा पडला होता, एका हातानं दगड धरून. दुसरा हात लोंबत होता. सायकल खाली खड्ड्यात, पुढच्या चाकाचा पापड झालेला. मी त्याला काखेत धरून मागं ओढला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ओठ पांढरे पडले होते.

"तुम्ही ओरडलात," तो म्हणाला. "ऐकलं आणि ब्रेक दाबला. म्हणून अलीकडे पडलो. नाहीतर मीही सायकलीबरोबर..."

तुम्ही. सकाळपासून पहिल्यांदा.

मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण तोवर बाकीचे धावत आले. तो त्यांनाही तेच सांगायला लागला आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसलो.

आबा ओढ्यातून आला. मेंढरं मागोमाग, ती एक अजून खांद्यावरच. त्यानं तिला खाली ठेवलं, घोंगडी ऋषिराजच्या अंगावर टाकली, डोक्याचा पटका सोडला आणि त्याचा हात गळ्यात बांधून दिला. सावकाश, मेंढीचा पाय बघितला होता तसाच. ऋषिराजच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं की शरमेचं, कोण जाणे.

"बाबा, मघाशी माझं चुकलं," तो म्हणाला. "ह्यांनी हाक मारली म्हणून वाचलो. तुम्ही ऐकलीत ना?"

आबानं गाठ घट्ट केली. माझ्याकडं बघितलं नाही.

"ऐकली की," तो म्हणाला. "माज्या पोराचा आवाज मला वळखू यायचा न्हाय व्हय?"

त्यानं सगळ्यांदेखत पायातलं पायताण काढून मला हाणलं असतं, तर मी सुखानं मार खाल्ला असता.

उजव्या वाटेनं आम्ही त्यांना सडकेला लावलं. टेम्पो तिथंच थांबलेला होता. ऋषिराजला पुढच्या सीटवर बसवला. निघताना प्रतिक्षानं हात जोडले. आबाला नाही, मला. मी मडगार्ड नसलेल्या सायकलीचं हँडल धरून उभा होतो आणि मला ते हात बघवेनात.

टेम्पो गेला. पाऊस उघडला होता. आबानं मेंढरं वाटेला लावली, लंगडणारीला सगळ्यांच्या पुढं केली. मी नेहमीसारखा मागं जाऊन उभा राहिलो. वीस वर्षं माझी जागा तीच.

आबा हलला नाही.

"तितं का उभा ऱ्हायलास?"

"मागं हाय की, आबा."

"मागं मी चालतो," आबा म्हणाला. "तू हो पुढं. तिच्या बरुबर."

मी सायकल ढकलत सगळ्या कळपाच्या पुढं गेलो. मेंढी तीन पायांवर चालत होती, आणि मी तिच्या चालीनं.