याकोबचे खडे

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावी लेकीकडे राहायला आल्यापासून नारायणराव टिपणीस रोज सकाळी दफनभूमीत फिरायला जात. तिथे याकोब लेविनच्या स्मृतिशिळेवर कोणीतरी खडे ठेवी. धाकट्या बहिणीबरोबर पोलंडहून आलेला हा ज्यू पोरगा एकविसाव्या वर्षी न्यूझीलंडचा सैनिक म्हणून इटलीत मारला गेला, असं शिळेवर लिहिलं होतं. आजकालची कार्टी हुतात्म्यालाही सोडत नाहीत, असं पुटपुटत नारायणराव खडे उचलत, रुमालाने शिळा पुसत आणि घरी येऊन ते खडे कोथिंबिरीच्या वाफ्याभोवती मांडत. वाफा मोठा देखणा झाला होता.

आज शिळा पुसून ते वळले, तर मागे एक म्हातारी उभी होती.

"याकोब माझा मामा," ती म्हणाली. "शिळा तुम्हीच पुसता ना? थँक्यू. आमच्यात फुलं नाही वाहत, खडा ठेवतात. येऊन गेल्याची खूण. आई वारली, त्याआधी तिने ठेवलेला शेवटचा खडासुद्धा कोणीतरी नेला हो."

नारायणरावांच्या खिशात आजचा खडा होता.

"मीच नेले," ते म्हणाले. "कचरा समजून."

तिने शिळेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आईचा जरा काळसर होता. ओळखाल?"

नारायणरावांनी मान खाली घातली. सगळे एकसारखे दिसावेत म्हणून त्यांनी खड्यांना पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले होते.