होल्याची बाजू

बाजरी कापताना रंगुबाईला वावरात तित्तराची अंडी दिसली, तेव्हा तिने त्यांच्याभोवतीची बाजरी तशीच उभी ठेवली. पाथर्डीकडच्या त्यांच्या गावात सगळेच तसं करतात. पुढे नात राजनंदिनी पाहायला गेली तर नुसती टरफलं! पिल्लं बाहेर आली आणि अंग वाळतंय तोच आईमागे पळालीसुद्धा.

रंगुबाईच्या मुलाला, आदिनाथला, आयतंच निमित्त सापडलं. दसरा झाला की तो आणि त्याची बायको सविता श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला निघणार होते, आणि पोरीलाही सोबत न्यायचं त्याच्या मनात होतं.

"बघ आई, तित्तराचं पिल्लू जल्मलं की चालतं. आपली राजीबी फडात हिंडंल."

"आन् साळा?" रंगुबाई कडाडली. "वरी बघ जरा." ओसरीच्या पत्र्याखालच्या घरट्यात होल्याची, कबुतरासारख्या त्या पाखराची, मादी पिल्लाला भरवत होती. "होला बघ. पंख फुटंस्तवर पिल्लाला सोडत न्हाई. पोर हितंच ऱ्हाईल, माझ्यापाशी."

"चार काड्यांचं घर त्याचं! खालून पिल्लू दिसतंय," आदिनाथ हसला.

रंगुबाईला हसू आलं नाही. पोर एकदा फडात गेली की शाळा सुटली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आदिनाथची अशीच सुटली होती. सविता चुलीपुढे बसली होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. तिचे डोळे भरलेले पाहून रंगुबाई ओशाळली. तोंडाने होल्याची बाजू घ्यायची आणि पिल्लापासून आई तोडायची, हा कुठला न्याय? घरट्यात आजी नव्हती, आईच होती.

दुसऱ्या दिवशी मुकादम गोरक्ष माणसं ठरवायला आला. कोयता म्हणजे दोन माणसं, एक ऊस तोडणार, दुसरं मोळ्या बांधून उचलणार. बहुतेक नवरा-बायकोच असतात.

"आदिनाथ-सविता, एक कोयता," गोरक्ष म्हणाला.

"सविता न्हाई," रंगुबाई म्हणाली. पोरीविना हंगाम काढणं तिलाही जड जाणार होतं, पण तिने सुनेकडे पाहिलं आणि आवाज चढवला. "सविता पोरीपाशी ऱ्हाईल. दुसरं मानूस मी."

गोरक्ष हसला. "मावशे, झेपंल का?"

"ह्याला पोटात घिऊन मोळ्या उचलल्यात म्या," तिने आदिनाथकडे बोट केलं. "आता तर नुसत्या मोळ्याच हायत."